संत एकनाथ

संत एकनाथ (इ.स. १५३३ – इ.स. १५९९) हे महाराष्ट्रातील वारकरी संप्रदायाचे संत, कवी, भागवताचे टीकाकार आणि ज्ञानेश्वरीच्या शुद्ध प्रतीचे संपादक होते. त्यांचा जन्म गोदावरीकाठच्या पैठण येथे झाला. पैठण आज छत्रपती संभाजीनगर (औरंगाबाद) जिल्ह्यात आहे. एकनाथी भागवत, भावार्थ रामायण, रुक्मिणी स्वयंवर, चतुःश्लोकी भागवत, अभंग, गौळणी आणि भारुडे ही त्यांची प्रमुख रचना. 'एका जनार्दनी' ही त्यांची नाममुद्रा असून तीत त्यांनी स्वतःच्या नावाला गुरू जनार्दनस्वामी यांचे नाव जोडले आहे. सोळाव्या शतकातील मराठी गाव, त्यातील बलुतेदार, भटके, भिक्षेकरी आणि गावकुसाबाहेरची वस्ती यांचे जितके जिवंत दर्शन एकनाथांच्या भारुडांत घडते, तितके त्या काळच्या दुसऱ्या कोणत्याही मराठी कवीच्या रचनेत घडत नाही. अस्पृश्य मानलेल्या लोकांशी त्यांनी ठेवलेल्या वागणुकीच्या कथा घरोघर माहीत आहेत. त्या कथांचा नेमका अर्थ काय, यावर मात्र विसाव्या शतकात गंभीर वाद झाला.

काळ आणि गाव

एकनाथांच्या काळी पैठण व दौलताबादचा परिसर अहमदनगरच्या निजामशाहीत होता. दौलताबाद म्हणजे यादवांची देवगिरी. यादवांचे राज्य जाऊन दोनशे वर्षे उलटून गेली होती. राज्यकर्ते मुसलमान, किल्ल्यांवर व महसुलाच्या कामावर हिंदू अधिकारीही मोठ्या संख्येने, आणि कारभाराच्या भाषेत फारसी शब्दांची भर, अशी स्थिती होती. अर्जदास्त, ताकीद, कौल, जमाखर्च हे शब्द एकनाथांच्या कवितेत आले आहेत ते याच कारभारातून.

पैठण हे प्राचीन प्रतिष्ठान. सातवाहनांची राजधानी म्हणून ते ख्यात होते आणि पुढे दक्षिणकाशी म्हणून धर्मनिर्णयाचे पीठ बनले. ज्ञानेश्वर व त्यांची भावंडे शुद्धिपत्रासाठी येथील ब्रह्मवृंदापुढे उभी राहिली, अशी परंपरा आहे. शुद्ध कोण, अशुद्ध कोण, कोणाला कोणते प्रायश्चित्त, हे ठरवण्याचा अधिकार ज्या गावाने स्वतःकडे घेतला होता, त्याच गावात एकनाथांचे आयुष्य गेले. त्यांच्या चरित्रातील बहुतेक संघर्षाचे मूळ येथे आहे.

भोवतालची खेडी बलुतेदारीवर चालत. पाटील गावचा प्रमुख, कुळकर्णी लेखक, चौगुला पाटलाचा मदतनीस. सुतार, लोहार, कुंभार, चांभार, न्हावी, परीट, गुरव, जोशी, मांग, महार आदी बलुतेदार आपापले काम वर्षभर करीत आणि सुगीला खळ्यावरून धान्याचा ठरलेला वाटा घेत. बलुतेदार बारा असे म्हणण्याचा प्रघात असला, तरी त्यांची यादी प्रांतागणिक बदलत असे. त्रिंबक नारायण आत्रे यांनी १९१५ साली प्रसिद्ध केलेल्या 'गावगाडा' या पुस्तकात या व्यवस्थेचे जे वर्णन केले आहे, ते एकनाथांनंतर तीन शतकांचे आहे. तरीही भारुडांतील गाव आणि आत्र्यांचे गाव यांत ओळखीचे पुष्कळ सापडते.

या व्यवस्थेत महाराचे स्थान विलक्षण होते. वेशीवर वेसकर म्हणून पहारा देणे, रयतेला चावडीवर बोलावून आणणे, वसुलाची रक्कम नेणाऱ्यांसोबत जाणे, निरोप व मरणाच्या बातम्या पोहोचवणे, सरपण पुरवणे, मेलेली गुरे ओढून नेणे ही त्याची कामे होती. शिवेचा तंटा उभा राहिला की महाराची साक्ष महत्त्वाची ठरे, कारण गावाची हद्द त्याच्याइतकी कोणाला ठाऊक नसे. मोबदला म्हणून बलुते, हाडकी-हाडवळा यांसारखी वतनी जमीन आणि दारोदार मिळणारी भाकरी. ज्याच्यावाचून गावाचा कारभार एक दिवस चालत नव्हता, त्याची वस्ती मात्र गावकुसाबाहेर होती, पाणवठा निराळा होता आणि त्याचा स्पर्श विटाळ मानला जात होता. उच्चवर्णीयांना व अधिकाऱ्यांना तो 'जोहार' या शब्दाने अभिवादन करी.

घराणे आणि बालपण

एकनाथांचे घराणे देशस्थ ब्राह्मणांचे. त्यांचे पणजोबा भानुदास हे विठ्ठलभक्त म्हणून प्रसिद्ध होते. विजयनगरला नेलेली विठ्ठलमूर्ती त्यांनी पंढरपूरला परत आणली, अशी वारकरी परंपरा सांगते. भानुदासांचे पुत्र चक्रपाणी, चक्रपाणींचे पुत्र सूर्यनारायण. सूर्यनारायण व रुक्मिणी या दांपत्याच्या पोटी एकनाथांचा जन्म झाला. जन्मवर्षाबद्दल एकमत नाही. १५३३ हे वर्ष सर्वाधिक रूढ असले, तरी काही अभ्यासक १५२८, तर काही १५४८ मानतात.

आईवडील लवकर वारल्याने आजोबा चक्रपाणी व आजी यांनी नातवाचा सांभाळ केला. मुंज झाल्यावर वेदाध्ययन, पुराणश्रवण असे त्या काळच्या ब्राह्मण मुलाचे रीतसर शिक्षण झाले. वयाच्या बाराव्या वर्षाच्या सुमारास घरी न सांगता ते दौलताबादला जनार्दनस्वामींकडे गेले.

जनार्दनस्वामींकडील काळ

जनार्दनस्वामी मूळचे चाळीसगावचे. ते देवगिरी किल्ल्याचे किल्लेदार होते आणि दत्ताचे उपासकही. राजदरबारी मोठा अधिकार आणि अंतरी विरक्ती हा त्यांच्या आयुष्यातला मेळ एकनाथांनी जवळून पाहिला. संसार न सोडता परमार्थ साधण्याचा जो मार्ग एकनाथ पुढे आयुष्यभर आचरत राहिले, त्याचे पहिले उदाहरण त्यांना गुरूच्या घरातच मिळाले. स्वामींच्या उपासनेसाठी गुरुवारी किल्ल्याची कचेरी बंद असे, अशी आख्यायिका आहे.

गुरुगृही एकनाथांकडे हिशेबाचे काम होते. एका पैची चूक सापडेना म्हणून त्यांनी रात्र जागून काढली आणि चूक सापडताच आनंदाने टाळी वाजवली. ते पाहून, एवढ्या लहान चुकीच्या शोधाने इतका आनंद होतो तर संसाररूपी मोठी चूक सापडल्यावर किती होईल, अशा अर्थाचे गुरू बोलले, ही कथा शाळेच्या पुस्तकांतून पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे. दुसऱ्या एका कथेनुसार स्वामी समाधीत असताना किल्ल्यावर शत्रू आला, तेव्हा एकनाथांनी त्यांचे चिलखत चढवून फौजेचे नेतृत्व केले.

दत्त मलंगाच्या वेषात प्रकट झाला आणि एकनाथ प्रथम त्याला ओळखू शकले नाहीत, ही कथाही याच काळातली. ईश्वर ब्राह्मणाच्या वेषातच येईल असे नाही, ही जाणीव या कथेत आहे. दौलताबाद-खुलताबाद परिसरात तेव्हा सूफी परंपरा रुजलेली होती, हेही ध्यानात घेतले पाहिजे. खुलताबादजवळील शूलिभंजन डोंगरावर एकनाथांनी गुरूंच्या आज्ञेने साधना केली. हे स्थान आजही दत्तभक्तांचे तीर्थ आहे.

पुढे गुरू-शिष्य तीर्थयात्रेस निघाले. त्र्यंबकेश्वरी चंद्रभट नावाच्या ब्राह्मणाने केलेले चतुःश्लोकी भागवताचे विवरण ऐकून, गुरूंच्या सांगण्यावरून एकनाथांनी त्यावर मराठी टीका लिहिली. हजाराहून थोड्या अधिक ओव्यांचा हा ग्रंथ त्यांची पहिली मोठी रचना मानला जातो.

पैठणला परतणे आणि गृहस्थाश्रम

यात्रेहून परतलेले एकनाथ घरी न जाता गावाबाहेरच उतरले होते. वृद्ध चक्रपाणींनी जनार्दनस्वामींचे आज्ञापत्र आणून ठेवले होते. पत्र हाती पडेल तेथेच राहावे व विवाह करावा, असा त्याचा आशय होता. एकनाथांनी ते मानले. वैजापूरच्या गिरिजाबाईंशी त्यांचा विवाह झाला. त्यांना गोदावरी व गंगा या मुली आणि हरी हा मुलगा झाला. गोदावरीचा पुत्र मुक्तेश्वर हा पुढे ओवीबद्ध महाभारताचा कर्ता म्हणून मराठी साहित्यात मान्यता पावला.

चरित्रकारांनी एकनाथांची दिनचर्या आवडीने वर्णिली आहे. पहाटे उठून ध्यान, गोदास्नान व संध्या, गीता-भागवताचे वाचन, दुपारी अतिथींसह भोजन, तिसऱ्या प्रहरी पुराण आणि रात्री कीर्तन असा क्रम होता. घरात उद्धव नावाचा निष्ठावान सेवक होता. अन्नदान अखंड चाले. या सर्वाचा भार गिरिजाबाईंवर पडत असे. चरित्रांमध्ये त्या नवऱ्याच्या औदार्याला कधी आडव्या येत नाहीत. परंतु रोज किती पाने वाढायची हे ठाऊक नसलेल्या घरात चूल पेटती ठेवणे म्हणजे काय, याचा विचार चरित्रकारांनी केलेला नाही. नाथांच्या समतेच्या बहुतेक कथा अन्नाभोवती फिरतात आणि ते अन्न गिरिजाबाईंनी रांधलेले आहे, ही गोष्ट सहसा नजरेतून सुटते.

श्रीखंड्याची कथा याच घरातली. द्वारकेचा कृष्ण श्रीखंड्या नावाने नाथांच्या घरी बारा वर्षे चाकरी करीत, कावडीने पाणी भरीत राहिला, अशी श्रद्धा आहे. ज्या रांजणात तो पाणी ओतीत असे, तो रांजण पैठणच्या नाथवाड्यात दाखवला जातो.

अस्पृश्यतेच्या संदर्भातील कथा

एकनाथांच्या चरित्रातील सर्वांत प्रसिद्ध प्रसंग जातीच्या सीमा ओलांडण्याचे आहेत.

पहिला प्रसंग श्राद्धाचा. वडिलांच्या श्राद्धासाठी नाथांच्या घरी स्वयंपाक चालला असता रस्त्याने जाणाऱ्या महार कुटुंबाला पक्वान्नांचा वास आला आणि मुलांच्या तोंडाला पाणी सुटले. ते ऐकून नाथांनी ब्राह्मणांसाठी केलेले अन्न त्यांना पोटभर वाढले. मग घर सारवून नवा स्वयंपाक करण्यात आला. तरीही निमंत्रित ब्राह्मणांनी जेवण्यास नकार दिला. तेव्हा प्रत्यक्ष पितर येऊन पानावर बसले आणि ब्राह्मण खजील झाले.

दुसरा प्रसंग गोदावरीच्या वाळवंटातला. उन्हाने तापलेल्या वाळूत एक महाराचे पोर रडत होते. नाथांनी त्याला उचलून घेतले, त्याचे नाक-तोंड पुसले आणि महारवाड्यात त्याच्या घरी पोहोचवले. स्पर्श आणि वस्तीत प्रवेश, दोन्ही निषिद्ध होते. ब्रह्मवृंदाने प्रायश्चित्त सांगितले.

तिसरा प्रसंग राण्या महाराचा. राण्या व त्याची बायको नाथांचे कीर्तन बाहेर बसून ऐकत. त्यांनी नाथांना जेवायला बोलावले आणि नाथांनी ते मान्य केले. पाळत ठेवणाऱ्या ब्राह्मणांना नाथ एकाच वेळी राण्याच्या घरी जेवताना आणि स्वतःच्या घरी बसलेले दिसले. विठ्ठलानेच त्यांचे रूप घेतले होते, असे कथा सांगते.

या कथांकडे पाहताना त्या कधी लिहिल्या गेल्या हे ध्यानात घ्यावे लागते. एकनाथांची विस्तृत चरित्रे त्यांच्या निधनानंतर बऱ्याच काळाने रचली गेली. कृष्णदास जगदानंदनंदन याचे प्रतिष्ठानचरित्र, केशवस्वामींचे एकनाथचरित्र (१७६०), महिपतींचे भक्तविजय (१७६२) व भक्तलीलामृत (१७७४) हे त्यांतील मुख्य ग्रंथ. म्हणजे आज आपण सांगतो त्या रूपातील बऱ्याच कथा पेशवाईच्या काळातल्या आहेत. त्यांत नाथांच्या आचरणाची आठवण किती आणि सांगणाऱ्यांच्या काळाची छाप किती, हे वेगळे काढणे अवघड आहे.

शिवाय कथा बारकाईने वाचल्या की त्यांतला संकोच दिसतो. श्राद्धाच्या कथेत महारांना अन्न दिले जाते, पण ब्राह्मणांच्या पंगतीत नव्हे. आणि नंतर घर सारवले जाते. राण्याच्या कथेत चमत्कार असा रचला आहे की, जेवणारा एकनाथ की विठ्ठल हा निर्णय लांबणीवर पडावा. पाळत ठेवणाऱ्यांनी नाथांना पकडले, पण पकडले नाही. दोन्ही बाजूंच्या श्रोत्यांना समाधान देणारी ही योजना आहे. तरीसुद्धा अठराव्या शतकातील एका ब्राह्मण कीर्तनकाराला, पैठणचा एक ब्राह्मण महाराघरी जेवला ही गोष्ट गौरवाने सांगावीशी वाटली, हे लहान नव्हे.

याच कथामालिकेत रामेश्वराच्या वाटेवर तहानलेल्या गाढवाला काशीची गंगा पाजल्याची आणि अंगावर थुंकणाऱ्या यवनावर न रागावता पुनःपुन्हा गोदास्नान केल्याची कथा येते. पहिलीत तीर्थाचे पावित्र्य भूतदयेपुढे गौण ठरते. दुसरीत नाथांची शांती ही अपमान करणाऱ्यालाच शरमवते.

भाषेचा वाद आणि काशी

एकनाथांवरचा दुसरा आक्षेप भाषेचा होता. भागवताच्या अकराव्या स्कंधावर ते मराठी टीका लिहीत होते. तिचे सुरुवातीचे अध्याय एका संन्याशामार्फत काशीला पोहोचले, तेव्हा तेथील पंडित संतापले आणि त्यांनी एकनाथांना बोलावून घेतले. एकनाथ काशीला गेले, वादाला सामोरे गेले आणि तेथेच राहून ग्रंथ पूर्ण केला. शके १४९५ (इ.स. १५७३) च्या कार्तिक पौर्णिमेस एकनाथी भागवत संपले. विरोध करणाऱ्यांनीच पुढे ग्रंथाची मिरवणूक काढली असे परंपरा सांगते. त्याआधी, शके १४९३ (इ.स. १५७१) मध्ये, काशीतच त्यांनी रुक्मिणी स्वयंवर हे आख्यानकाव्य लिहिले होते.

संस्कृत देवाची असेल तर प्राकृतही देवाचीच असली पाहिजे, ईश्वराच्या ठायी भाषेचा अभिमान चालत नाही, हा त्यांचा युक्तिवाद. भाषेचा हा प्रश्न जातीच्या प्रश्नाशी जोडलेला होता. स्त्री-शूद्रांना संस्कृत शिकण्याची बंदी असलेल्या समाजात भागवत मराठीत आणणे म्हणजे त्यांना ग्रंथाचा अधिकार देणे होते.

विरोध घरातही होता. मुलगा हरिपंडित हा संस्कृतचा मोठा विद्वान आणि कर्मठ. वडील मराठीत पुराण सांगतात आणि इतरांघरी जेवतात, हे त्याला रुचेना. तो घर सोडून काशीला गेला. वडील मराठी पुराण सोडतील व परान्न घेणार नाहीत, या अटीवर तो परत आला. एकनाथांनी अट मान्य केली. हरिपंडिताच्या संस्कृत निरूपणाला श्रोते येईनासे झाले. पुढे एका गरीब स्त्रीने सहस्र ब्राह्मणभोजनाचा संकल्प एकट्या नाथांना जेवू घालून पुरा केला. हरीने उष्टी पत्रावळ उचलली की तिच्याखाली दुसरी दिसे, अशा हजार पत्रावळी त्याने उचलल्या आणि त्याचा अभिमान गळाला, असे या कथेत सांगितले आहे. चमत्कार बाजूला ठेवला तरी, गावाशी न झुकणाऱ्या माणसाने मुलासाठी माघार घेतली, हा भाग मनाला पटतो.

ग्रंथरचना

एकनाथी भागवत हा सुमारे १८,८०० ओव्यांचा, ३१ अध्यायांचा ग्रंथ. वारकरी संप्रदायात ज्ञानेश्वरी आणि तुकारामांची गाथा यांच्या जोडीने तो प्रस्थानत्रयीत गणला जातो. ज्ञानेश्वरीची भाषा सूत्रमय, काव्यघन. एकनाथांची प्रपंचातले दाखले देत, समजावत जाणारी. पाल्हाळाचा दोष तिला देता येईल. परंतु पुराण ऐकायला बसलेला श्रोता समोर ठेवला की तो पाल्हाळ खटकत नाही.

भावार्थ रामायण हे त्यांचे अखेरचे मोठे काम. युद्धकांडाच्या ४४व्या अध्यायापर्यंत ते पोहोचले आणि पुढचा भाग गावबा या शिष्याने पूर्ण केला. गावबा म्हणजे पुरणपोळीच्या लोभाने नाथांच्या घरी राहिलेला, एकनाथ या नावापलीकडे मंत्र म्हणू न शकणारा मुलगा, असे परंपरा सांगते. या रामायणात रावणाच्या बंदीतून देवांची सुटका हा विषय ठळक आहे. परकीय सत्तेखालील समाजाला धीर देण्याचा हेतू त्यात अनेक अभ्यासकांनी पाहिला आहे.

ज्ञानेश्वरीचे शुद्धीकरण हे त्यांचे कार्य मराठी संशोधनाच्या इतिहासात अपूर्व आहे. तीनशे वर्षांत ज्ञानेश्वरीत पाठभेद व प्रक्षिप्त ओव्या शिरल्या होत्या. अजानवृक्षाची मुळी गळ्याला लागली आहे ती काढ, असे ज्ञानेश्वरांनी स्वप्नात सांगितले म्हणून एकनाथ आळंदीला गेले, तेथे समाधीचा शोध घेतला आणि नंतर अनेक प्रती ताडून शके १५०६ (इ.स. १५८४) मध्ये शुद्ध प्रत सिद्ध केली. या प्रतीत स्वतःची ओवी कोणी घालू नये, असा इशाराही त्यांनी शेवटी दिला.

भारुडे

एकनाथांची भारुडे सुमारे १२५ विषयांवर असून त्यांची संख्या ३०० च्या आसपास भरते. भारूड म्हणजे वरवर लौकिक आणि आत अध्यात्म सांगणारे, नाट्याच्या अंगाने सादर होणारे रूपकगीत. वासुदेव, बाळसंतोष, पांगुळ, जोशी, गोंधळी, जोगवा मागणारी, भुत्या, गारुडी, डोंबारी, कोल्हाटीण, फकीर, आंधळा, बहिरा, मुका, सासुरवासाने गांजलेली सून अशी पात्रे त्यांत येतात. विंचवाचे भारूड अजूनही जत्रांमध्ये हशा पिकवते.

गावात सकाळपासून रात्रीपर्यंत जे आवाज ऐकू येत, ते या रचनांत नोंदले गेले आहेत. पहाटे वासुदेव येतो, दिवसा जोशी पंचांग सांगतो, चौकात डोंबारी दोरीवर चढतो, रात्री गोंधळ मांडला जातो. ब्राह्मण कवीने या लोकांविषयी केवळ लिहिले नाही, तर त्यांच्या तोंडून, प्रथमपुरुषी लिहिले. कीर्तनात नाथ स्वतः ही पात्रे कशी उभी करीत असतील, याची कल्पना भारुडांच्या संवादी बांधणीवरून येते.

यांत महाराच्या भूमिकेतील रचना संख्येने बऱ्याच आहेत. त्यांना 'जोहार' म्हणतात, कारण त्या महाराच्या अभिवादनाने सुरू होतात. जोहार हा रचनाप्रकार चोखामेळ्यानेही हाताळला होता. चोखामेळा स्वतः महार होता. पंढरीच्या देवळात त्याला प्रवेश नव्हता, आणि १३३८ साली मंगळवेढ्याला गावकुसाचे काम करताना तो भिंत कोसळून मेला. त्याच्या जोहारात त्याचे स्वतःचे जिणे आहे. एकनाथांचा जोहार वेगळा. त्यात देह हे गाव ठरते. जीव, मन, वासना, क्रोध हे त्या गावचे कारभारी व उपद्रवी लोक ठरतात आणि वेशीवरचा महार सर्वांचा हिशेब ठेवून मालकाला सावध करतो. ज्याला गावात येऊ देत नाहीत, तोच येथे गावाला शहाणपण सांगतो. एका भारुडात ब्राह्मण महाराला मातल्याबद्दल दटावतो आणि महार त्याला आत्मज्ञानाच्या भाषेत उत्तर देत शेवटी निरुत्तर करतो. याच धाटणीच्या हिंदू-तुर्क संवादात हिंदू आणि मुसलमान एकमेकांच्या धर्माची उणीदुणी काढतात आणि अखेरीस समेटावर येतात.

मात्र भारुडातील महार कुठेही आपल्या कामाविरुद्ध तक्रार करीत नाही, वतन नाकारीत नाही, पाणवठा मागत नाही. त्याचे दैन्य रूपकाचे साहित्य बनते. एकनाथांच्या सहानुभूतीची ही मर्यादा अभ्यासकाने नोंदवली पाहिजे.

मूल्यमापन आणि वाद

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून सुधारकांनी एकनाथांकडे पूर्वसूरी म्हणून पाहिले. न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांनी 'राइज ऑफ द मराठा पॉवर' (१९००) या ग्रंथात संतांच्या चळवळीची तुलना युरोपातील धर्मसुधारणेशी केली आणि एकनाथांच्या कथांना त्यात स्थान दिले. प्रबोधनकार ठाकरे यांनी एकनाथांवर 'खरा ब्राह्मण' हे नाटक लिहिले. १९३५ साली प्रभात फिल्म कंपनीने व्ही. शांताराम यांच्या दिग्दर्शनाखाली बालगंधर्वांना एकनाथांच्या भूमिकेत घेऊन चित्रपट काढला. त्याचे मूळ नाव 'महात्मा' होते. सेन्सॉरच्या आक्षेपामुळे ते 'धर्मात्मा' करावे लागले. अस्पृश्यतानिवारणाची चळवळ जोरात असताना प्रेक्षकांना पडद्यावरच्या एकनाथांत गांधीजी दिसणे स्वाभाविक होते.

या गौरवाला सर्वांत परखड उत्तर डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी दिले. 'अ‍ॅनिहिलेशन ऑफ कास्ट' या आपल्या भाषणावरील गांधीजींच्या टीकेला उत्तर देताना त्यांनी संतांचा प्रश्न घेतला. संतांनी माणसे ईश्वरापुढे समान आहेत असे सांगितले, माणसे एकमेकांत समान आहेत असे नव्हे, ही त्यांची मुख्य हरकत. 'धर्मात्मा' चित्रपटाचा उल्लेख करून त्यांनी म्हटले की, एकनाथ अस्पृश्यांना शिवले व त्यांच्याबरोबर जेवले ते अस्पृश्यतेला विरोध म्हणून नव्हे, तर तो विटाळ गंगास्नानाने जातो अशी त्यांची समजूत होती म्हणून. आधारासाठी त्यांनी एकनाथी भागवताच्या अठ्ठाविसाव्या अध्यायातील ओवी दिली.

हा अध्याय दुसऱ्याची निंदा वा स्तुती करू नये या उपदेशाने सुरू होतो आणि ओवीचा रोख निंदेच्या दोषावर आहे. असा संदर्भ दाखवून एकनाथांचा बचाव करता येतो. पण त्याने आंबेडकरांचा मुद्दा खोडला जात नाही. तुलनेसाठी का होईना, अंत्यजाचा स्पर्श विटाळ आहे हे ओवी गृहीत धरते. दुसरीकडे त्याच ग्रंथात भक्तिहीन ब्राह्मणापेक्षा भक्त असलेला अंत्यज श्रेष्ठ असल्याचे सांगितले आहे. एकनाथांच्या लेखनात ही दोन्ही विधाने शेजारी नांदतात. वर्णाश्रमधर्म त्यांनी नाकारला नाही आणि भक्ताची जात पाहणेही मान्य केले नाही. गं. बा. सरदार यांनी 'संतवाङ्मयाची सामाजिक फलश्रुती' (१९५०) या ग्रंथात संतकार्याचे मोल आणि त्याच्या ऐतिहासिक मर्यादा यांची एकत्र चर्चा केली. तेव्हापासून मराठी समीक्षेत हाच प्रश्न वेगवेगळ्या रूपांत पुढे येत राहिला आहे. चोखामेळ्याला बंद असलेले पंढरीच्या मंदिराचे दार अस्पृश्यांसाठी उघडले ते साने गुरुजींच्या उपोषणानंतर, १९४७ साली. एकनाथांच्या मृत्यूला तेव्हा साडेतीनशे वर्षे होत आली होती.

समाधी आणि नाथषष्ठी

फाल्गुन वद्य षष्ठी, शके १५२१ रोजी एकनाथांनी गोदावरीत देह ठेवला. इसवी सनाचे वर्ष सामान्यतः १५९९ देतात. जनार्दनस्वामींचा जन्म, त्यांना झालेले दत्तदर्शन, एकनाथांवरील अनुग्रह, जनार्दनस्वामींचे निर्याण आणि एकनाथांचे निर्याण या पाचही घटना याच तिथीच्या मानल्या जातात. म्हणून ही तिथी पंचपर्व म्हणून ओळखली जाते.

पैठणमध्ये गावातील नाथवाडा आणि नदीकाठचे समाधिमंदिर ही दोन मुख्य स्थाने आहेत. आषाढी वारीसाठी नाथांची पालखी पैठणहून पंढरपूरला जाते. पैठणजवळ गोदावरीवर बांधलेल्या जायकवाडी धरणाच्या जलाशयाला नाथसागर हे नाव दिले आहे. छत्रपती संभाजीनगर शहरात संत एकनाथ रंगमंदिर आहे.

नाथषष्ठीची यात्रा तीन दिवस चालते. तिच्या आधी, तुकाराम बीजेला, नाथवाड्यातील रांजणाची पूजा होऊन त्यात पाणी भरण्यास सुरुवात होते. भाविक गोदावरीचे पाणी आणून ओतत राहतात. षष्ठी व सप्तमीला दिंड्या, कीर्तने आणि भारुडे होतात आणि अष्टमीला सायंकाळी दहीहंडी फुटून काल्याने यात्रा संपते.